राउटर बंद पडला तरी कारखान्याचं नेट चालू राहतं, त्यामागे या दाढीवाल्या माणसाचं ऑफिस आहे

समजा, चाकण एमआयडीसीतली रात्रपाळी आहे. माल पॅक झालाय, ट्रक गेटवर लागलाय, ड्रायव्हरचा चहासुद्धा पिऊन झालाय. फक्त ई-वे बिल काढायचं बाकी आहे. आणि नेमकं तेव्हाच ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरवरचं नेट जातं.

घरचं नेट गेलं तर आपण मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करतो आणि विषय संपतो. पण पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांचं तसं नसतं. गाडी बनवणारी कंपनी पार्टचा फार मोठा साठा करून ठेवत नाही. कुठला पार्ट किती आणि कोणत्या क्रमाने पाहिजे, हे पुरवठादाराला नेटवरून कळतं. ट्रक वेळेत पोचला नाही तर समोरची लाइन थांबायची वेळ येते आणि मग फोन सुरू होतात.

अशा वेळी मालक म्हणतात, आपण तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची लाइन घेतली आहे. रस्त्यात जेसीबीने एक केबल तोडली तरी दुसरी चालायला पाहिजे.

बरोबर आहे. पण त्या दोन्ही लाइन येऊन जोडल्यात एकाच राउटरला, आणि बंद पडलाय तो राउटर.

या दुखण्यावर उपाय आहे आणि तो १९९८ सालापासून जगाला खुला आहे. हा उपाय ज्यांच्या ऑफिसातून जगासमोर आला, त्या माणसाचं नाव जॉन पोस्टेल. इंटरनेटमध्ये कुठलीही एक गोष्ट बंद पडली म्हणून सगळं बंद पडू नये, असे नियम आयुष्यभर तपासून छापणारा हा माणूस. आणि गंमत म्हणजे, ज्याच्या एकट्यावर इंटरनेटचा मोठा भार होता तोही हाच माणूस.

गोष्ट समजून घ्यायची तर आधी तो उपाय काय आहे ते बघू.

वेशीला एकच दार

आपल्या कॉम्प्युटरला सगळं जग माहीत नसतं. तो एवढंच बघतो की समोरचा पत्ता आपल्याच गावातला आहे की बाहेरचा. गावातला असेल तर थेट बोलतो. बाहेरचा असेल तर सगळं वेशीवर नेऊन देतो. पुढचं वेस बघून घेईल. या वेशीला नेटवर्कवाले म्हणतात डिफॉल्ट गेटवे. घरचं वायफाय सेट करताना तुम्ही १९२.१६८.१.१ असा काहीतरी आकडा टाकला असेल, तो याच वेशीचा पत्ता.

आता इंटरनेटच्या आत पर्यायी रस्ते भरपूर असतात. एक रस्ता बंद झाला की राउटर आपापसात बोलून दुसरा शोधतात. पण तुमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला हे काही कळत नाही. त्याच्या सेटिंगमध्ये वेशीचा एकच पत्ता लिहिलेला असतो. तो राउटर मेला की शेजारी दुसरा नवाकोरा राउटर चालू असला तरी उपयोग नाही, कारण त्याचा पत्ता वेगळा. मग आयटीवाल्याने दोनशे कॉम्प्युटरवर जाऊन आकडा बदलायचा का?

त्याऐवजी एक युक्ती निघाली. दोन राउटर ठेवायचे आणि दोघांनी मिळून एक तिसराच पत्ता वापरायचा. हा तिसरा पत्ता कुठल्याच डब्याचा नसतो, तो फक्त ठरवलेला असतो. कॉम्प्युटरला तोच द्यायचा. दोघांपैकी एक राउटर मुख्य असतो आणि तो दर सेकंदाला नेटवर्कवर हाळी देत राहतो की मी जिवंत आहे. दुसरा गप्प बसून ऐकतो. सलग तीन हाळ्यांचा वेळ गेला आणि आवाज आला नाही, की तो आणखी किंचित थांबतो आणि तो पत्ता स्वतःकडे घेतो. नेहमीच्या सेटिंगवर हे सगळं साडेतीन ते चार सेकंदांत होतं. दोनशे कॉम्प्युटरपैकी एकालाही पत्ता लागत नाही की वेशीवरचा माणूस बदलला.

या पद्धतीचं नाव व्हीआरआरपी.

पत्त्यासोबत एक मॅक ॲड्रेससुद्धा लागतो, म्हणजे नेटवर्क कार्डावरचा कायमचा नंबर. प्रत्येक कंपनीला असे नंबर देण्यासाठी आपापला गट मिळालेला असतो. पण हा पत्ता तर कुठल्याच कंपनीच्या डब्याचा नाही. मग त्याला कुणाच्या गटातला नंबर द्यायचा? व्हीआरआरपीमध्ये हा नंबर ००-००-५ई पासून सुरू होतो. आणि हा गट आहे आयाना नावाच्या ऑफिसचा.

चाकणमध्ये असो नाहीतर चिलीमध्ये, जिथे जिथे व्हीआरआरपी चालतं तिथे वेशीवर या ऑफिसचा शिक्का असतो. आणि ते ऑफिस म्हणजे, बराच काळ, जॉन पोस्टेल आणि त्यांचे मोजके सहकारी.

वही सांभाळणारा विद्यार्थी

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अल्टाडेना इथला. शिक्षण व्हॅन नाइज हायस्कूलमध्ये. पुढे इंटरनेटच्या इतिहासात मोठी झालेली आणखी दोन नावं, व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर, याच शाळेतली. तिघांचं एकत्र काम मात्र सुरू झालं लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात.

पोस्टेल यांनी तिथे १९६६ मध्ये पदवी घेतली, १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी, आणि १९७४ मध्ये डॉक्टरेट. याच काळात अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून अर्पानेट उभं राहत होतं. दूरदूरची कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचा हा प्रयोग. त्याचं पहिलं ठिकाण होतं यूसीएलए. २९ ऑक्टोबर १९६९ ला तिथून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे पहिला संदेश गेला. प्राध्यापक लिओनार्ड क्लाइनरॉक यांच्या हाताखाली काम करणाऱ्या पोरांच्या टोळीत पोस्टेल होते.

ही पोरं आपापसात काय ठरलं, कसं ठरलं याच्या नोंदी लिहायची. सुरुवात क्रॉकर यांनी एप्रिल १९६९ मध्ये केली. हुकूम काढल्यासारखं वाटू नये म्हणून या नोंदींना नाव दिलं आरएफसी, म्हणजे साध्या भाषेत, तुमचं मत कळवा. नोंदी वाढत गेल्या. त्या तपासायच्या, नीट लिहून घ्यायच्या, नंबर टाकायचा आणि सगळ्यांना वाटायच्या, हे काम पोस्टेल यांच्याकडे आलं आणि ते त्यांनी मरेपर्यंत केलं.

दुसरं काम त्याहून कंटाळवाणं होतं. नंबर सांभाळायचे. कॉम्प्युटर एकमेकांशी बोलताना कुठल्या कामासाठी कुठला नंबर वापरायचा हे ठरलेलं पाहिजे. दोघांनी एकच नंबर दोन कामांना वापरला की गोंधळ. मे १९७२ मध्ये पोस्टेल यांनीच एका नोंदीत सुचवलं की हे नंबर वाटायला कुणीतरी एक माणूस असावा, आणि तो मी होतो.

आपल्याकडे तलाठ्याच्या दप्तराचं जे महत्त्व, तेच या यादीचं. जमीन कुणाची हे ठरवायची सत्ता तलाठ्याची नसते, पण नोंद त्याच्याकडे असते आणि म्हणून सगळे त्याच्याकडे जातात.

मार्च १९७७ मध्ये पोस्टेल सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये आले. समुद्राकाठच्या मरीना डेल रे भागातली ही संस्था. शेवटपर्यंत ते तिथेच राहिले. लांब पांढरी दाढी, पायात सँडल आणि सुट्टी मिळाली की पाठीवर सॅक टाकून सिएरा नेवाडाचे डोंगर. बाहेरच्या माणसाला कुणी साधूबाबा वाटावा असा अवतार.

आणि या माणसाच्या हाताखालून काय काय गेलं ते बघा. सप्टेंबर १९८१ मध्ये इंटरनेटचा पाया असलेले आयपी आणि टीसीपी यांचे नियम आले, त्यांचे संपादक पोस्टेल. ऑगस्ट १९८२ मध्ये ईमेल पाठवायचे नियम आले, ते लिहिणारे पोस्टेल. जुन्या पद्धतीवरून सगळ्यांनी १ जानेवारी १९८३ ला नव्या पद्धतीवर यायचं होतं, त्या बदलाचं वेळापत्रक लिहिणारेही पोस्टेल. वेबसाइटला नावं देण्याची व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी आखली, तेव्हा सोबत पोस्टेल होते.

त्यांचं एक तत्त्व इंजिनिअर लोक आजही सांगतात. आपण पाठवताना काटेकोर असावं, दुसऱ्याचं घेताना सांभाळून घ्यावं. म्हणजे समोरच्याच्या छोट्या चुकीने आपलं बंद पडू नये.

जुहूमधली वेस

पोस्टेल यांच्या यादीत आपणही आहोत.

प्रत्येक देशाला इंटरनेटवर दोन अक्षरं द्यायची ठरली, तेव्हा मोठा प्रश्न होता की देश म्हणायचं कुणाला. यावरून भांडणं होणार हे उघड होतं. पोस्टेल यांनी त्यात पडायचं टाळलं. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची देशांच्या दोन अक्षरांची यादी तयार होती, तीच त्यांनी घेतली. १९८९ मध्ये भारताचं डॉट इन याच यादीत नोंदलं गेलं.

त्याची नोंदणी सांभाळायचं काम आलं मुंबईत जुहूला असलेल्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे. टीआयएफआरमधून निघालेली ही संस्था पुढे सीडॅकमध्ये विलीन झाली. आयआयटी, बंगळूरची आयआयएस्सी अशा संस्थांना जोडणाऱ्या अर्नेट या नेटवर्कला १९९२ मध्ये परदेशाशी जोडणारी ६४ केबीपीएसची लाइन मिळाली, तीसुद्धा जुहूच्या याच संस्थेतून अमेरिकेतल्या व्हर्जिनियाला जायची.

६४ केबीपीएस म्हणजे किती? व्हॉट्सॲपवर येणारा २ एमबीचा एक फोटो उघडायला या वेगाने चार मिनिटांच्या वर लागतील. आणि तो वेग देशभरातल्या संस्थांमध्ये वाटून घ्यायचा. अर्नेटवरच्या प्राध्यापकाला परदेशात ईमेल पाठवायचा, तर तो जुहूच्या वेशीतून बाहेर पडणार. सर्वसामान्यांसाठी व्हीएसएनएलचं इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला.

तोपर्यंत इंटरनेट संशोधकांच्या हातातून धंद्यात उतरलं होतं. बँका, विमान कंपन्या, कारखाने सगळे त्यावर आले. प्रयोगशाळेत दहा मिनिटं नेट गेलं तर लोक चहा प्यायला जायचे. कारखान्यात दहा मिनिटं म्हणजे पैसे. वेशीच्या एकाच दाराची अडचण आता खरी टोचायला लागली.

सिस्को कंपनीने आपल्या राउटरसाठी एचएसआरपी नावाची पद्धत काढली होती. तिची नोंद मार्च १९९८ मध्ये आरएफसी २२८१ म्हणून छापली गेली. पाठोपाठ एप्रिल १९९८ मध्ये आरएफसी २३३८ आली, वेगवेगळ्या कंपन्यांच्या इंजिनिअरांनी मिळून लिहिलेली. तीच व्हीआरआरपी. कुठल्याही कंपनीचा राउटर असो, दोन राउटरनी एकमेकांची जागा कशी घ्यायची याचा नियम त्यात होता.

दोन्ही नोंदी पोस्टेल यांच्या संपादनाखालच्या मालिकेत आल्या. व्हीआरआरपीसाठी लागणारे ठरावीक नंबर आयानाच्या यादीतले. ते वर्ष पोस्टेल यांच्या आयुष्यातलं शेवटचं होतं.

इंटरनेटची रंगीत तालीम

त्याच वर्षाच्या सुरुवातीला एक भलतंच प्रकरण झालं होतं.

वेबसाइटच्या नावांची सगळ्यात वरची यादी तेव्हा १३ रूट सर्व्हरवर असायची. त्यातला पहिला अमेरिकी सरकारच्या कंत्राटावर नेटवर्क सोल्युशन्स ही कंपनी चालवायची आणि बाकीचे १२ त्याच्याकडून यादी उचलायचे. या नावांच्या कारभारावर हक्क कुणाचा, यावरून वाद पेटला होता. अमेरिकी सरकार, कंपन्या आणि जुने इंजिनिअर, सगळ्यांचं मत वेगळं.

२८ जानेवारी १९९८ ला पोस्टेल यांनी त्या १२ पैकी आठ सर्व्हर चालवणाऱ्यांना ईमेल केला. यापुढे यादी त्या कंपनीच्या सर्व्हरवरून नको, आयानाच्या सर्व्हरवरून घ्या. पोस्टेल यांच्याकडे असा हुकूम द्यायचा कुठलाही कागद नव्हता. तरी आठही जणांनी ऐकलं. एवढी वर्षं यादी चोख ठेवणाऱ्या माणसाचा शब्द त्यांना पुरेसा होता.

जगातल्या एकाही माणसाचं नेट बंद पडलं नाही. यादी तीच होती, फक्त देणारा बदलला होता. पण वॉशिंग्टनमध्ये खळबळ उडाली. क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी पोस्टेल यांना हे ताबडतोब मागे घ्यायला लावलं. ही चाचणी होती असं पोस्टेल यांनी सांगितलं आणि सगळं पूर्ववत झालं. आठवड्याभरात अमेरिकी सरकारने नावांच्या कारभाराचं पुढे काय करायचं याचा मसुदा जाहीर केला.

व्हीआरआरपी लावणाऱ्या माणसाला ही घटना ओळखीची वाटेल. मधली केबल निघाली तर दोन्ही राउटरना एकमेकांची हाळी ऐकू येत नाही. मग दोघेही स्वतःला मुख्य समजतात आणि नेटवर्कमध्ये गोंधळ होतो. म्हणून मुख्य कोण आणि त्याच्यामागे कोण, याचे आकडे आधीच ठरवून लिहावे लागतात. इंटरनेटच्या बाबतीत पोस्टेल यांच्यामागे कोण, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

ते लिहायचं काम वर्षभर चाललं. आयानाचा कारभार एका माणसाच्या नावावर राहू नये म्हणून आयकॅन नावाची संस्था काढायची ठरली. पोस्टेल स्वतः त्यासाठी धडपडत होते. ३० सप्टेंबर १९९८ ला आयकॅनची नोंदणी झाली.

त्यानंतर १६ दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९९८ ला, पोस्टेल गेले. हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया झाली होती, त्यातून सावरताना गुंतागुंत झाली. वय फक्त ५५.

इंटरनेट त्या दिवशी चालू राहिलं. नंबर वाटले जात राहिले, नोंदी छापल्या जात राहिल्या. कारण जॉइस रेनॉल्ड्स या त्यांच्या सहकारी १९८३ पासून त्यांच्याबरोबर हेच काम करत होत्या. बॉब ब्रेडन यांच्यासोबत त्यांनी आरएफसीचं संपादन पुढे नेलं. आयानाचा कारभार आयकॅनकडे गेला. पहिल्या काही नोंदींमध्येच एक होती आरएफसी २४६८, व्हिंट सर्फ यांनी आपल्या मित्रावर लिहिलेली श्रद्धांजली.

संस्था आणखी थोडी उशिरा उभी राहिली असती तर काय झालं असतं, हा विचार त्या काळात अनेकांच्या मनात आला असणार.

आता आपल्या चाकणमध्ये

व्हीआरआरपी पुढे सुधारत गेली. २०१० च्या आवृत्तीत नव्या आयपी व्ही-६ पत्त्यांसाठीही तिची सोय झाली. आज मध्यम दर्जाच्या बऱ्याच राउटरमध्ये ही सोय मिळते. पण दोन राउटर विकत घेतले म्हणजे काम झालं असं नाही. तीन गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली, मुख्य राउटर जिवंत आहे पण त्याची बाहेरची केबल जेसीबीने तोडली, असं झालं तर? राउटर बिचारा दर सेकंदाला मी आहे म्हणून हाळी देत राहतो, दुसरा निवांत ऐकत राहतो, आणि कारखान्याचं सगळं काम एका बंद रस्त्यावर जाऊन पडतं. म्हणून बाहेरची लाइन गेली की मुख्य राउटरने स्वतःचा आकडा कमी करून जागा सोडायची, असं वेगळं सेटिंग करावं लागतं. ते नसेल तर खर्च फुकट.

दुसरी, दोन्ही राउटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डला लावलेले असतील तर ते एकदमच बंद पडणार. लाइटचा मार्ग, यूपीएस, स्विच, सगळं वेगळं आहे का ते बघायचं.

तिसरी, पोस्टेल यांनी जगाला दाखवलेली. तालीम करा. सुट्टीच्या दिवशी, सगळ्यांना सांगून, मुख्य राउटरची पिन काढा आणि घड्याळ लावून बघा. चार सेकंदांत नेट आलं तर ठीक. नाही आलं तर सुट्टीच्या दिवशीच कळलं म्हणून नशीब समजा.

आणि अजून एक. जवळपास प्रत्येक कारखान्यात एक दादा असतात. सगळे पासवर्ड त्यांना पाठ, कुठली केबल कुठे जाते त्यांनाच माहीत, आणि त्यांचा फोन लागला नाही की सगळे हवालदिल. माणूस लाखात एक असतो, पोस्टेलही होते. पण दादा गावी जत्रेला गेले, आजारी पडले, तर काय? त्यांच्या शेजारी आत्तापासून एक जॉइस रेनॉल्ड्स बसवायला पाहिजे. वहीत सगळं लिहून ठेवायला पाहिजे आणि ती वही दोघांना वाचता आली पाहिजे.

दोन राउटर एका दिवसात येतात. दुसरा माणूस तयार व्हायला वर्षं लागतात, म्हणून ते काम आधी सुरू करायचं.